‘अंजनेरी ना ही?’: डोंगराचं चित्र पायरीपायरीने कसं बघावं

नाशकात चित्रप्रदर्शन असलं की अभिप्रायाच्या वहीपाशी बसायचं काम मी हौसेने अंगावर घेतो. त्या खुर्चीवरून चित्रं कमी आणि चित्रं बघणारी माणसं जास्त दिसतात. बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आत यायचं, पहिल्या चित्राखालची पाटी वाचायची, “अंजनेरी ना ही? आमच्या मामांच्या मळ्यातून अश्शीच दिसते,” असं सोबतच्याला सांगायचं, मोबाइल काढून फोटो घ्यायचा आणि पुढे सरकायचं. शेवटी वहीत ‘खूप छान, निसर्ग जिवंत केलात’.

यात आवड कमी आहे असं मुळीच नाही. फक्त क्रम उलटा आहे. डोंगराचं नाव कळलं की डोळा म्हणतो, झालं आपलं काम. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये नाव शेवटून दुसऱ्या पायरीवर ठेवलंय. तोवर पाटीकडे बघायचं नाही.

१. आदल्या दिवशी: एक खरा डोंगर, दहा मिनिटं

ही पायरी सगळे गाळतात आणि मग चित्रापुढे उभं राहून काय बघायचं ते सुचत नाही. नाशिककराला यासाठी लांब जावं लागत नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या, गंगापूर धरणाचा काठ, नाहीतर आपलीच गच्ची चालेल. एका जागी बसा आणि एकाच दिशेला बघा. वहीत चार गोष्टी लिहा:

- एकामागे एक किती रांगा दिसतात?
- सगळ्यात गडद रांग कोणती, सगळ्यात फिकी कोणती?
- आभाळ सगळ्यात उजळ कुठे आहे, डोक्यावर की डोंगराला टेकतं तिथे?
- दुसऱ्या रांगेपलीकडे हिरवा रंग खरोखर दिसतो, की ‘तिथे झाडं आहेत’ हे माहीत असल्यामुळे दिसल्यासारखा वाटतो?

चौथ्या प्रश्नावर बहुतेक जण अडखळतात, आणि अडखळायलाच हवं. लांबच्या रांगा निळसर-राखाडी असतात. मधल्या हवेत उजेड विखुरतो, त्यात निळा जास्त, म्हणून जितकी हवा मध्ये तितका डोंगर निळा आणि फिका.

आता हात सरळ लांब करा आणि अंगठा आडवा धरून डोंगराची उंची मोजा. गंगापूर धरणाच्या काठावरून अंजनेरी साधारण १५ किलोमीटरवर आहे आणि पाण्याच्या पातळीपासून सुमारे ६५० मीटर उंच. अंगठ्याने मोजलीत तर भरते फार तर दीड अंगठा. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

*सावध:* हे काम मोबाइलच्या फोटोवर करू नका. मोबाइलची लेन्स खूप रुंद पसारा टिपते, त्यात लांबचा डोंगर बापुडवाणा दिसतो. फोटो घरी दाखवल्यावर “एवढाच?” हे ऐकलेलं असेलच.

२. निघताना

उद्घाटनाच्या दिवशी जाऊ नका. त्या दिवशी हार, भाषणं आणि चहा असतो, चित्रापुढे पाठी असतात. आडवारी, दुपारी तीनच्या सुमाराला दालन रिकामं सापडतं.

सोबत पेन्सिल आणि खिशात मावणारी वही. पेन नको, चित्राजवळ शाई नेऊच नये. पाठीवरची सॅक दाराशी ठेवा. वळताना तिचा धक्का चित्राला बसतो आणि आपल्याला कळतही नाही. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा वापरत असाल तर वाचायचा वेगळा चष्माही घ्या, नाहीतर मोठं चित्र बघताना मान वर-खाली करून दुखते.

उन्हातून आत आल्यावर पाच मिनिटं नुसते बसा. डोळ्यांची बाहुली उन्हाला आखडलेली असते, तेव्हा गडद जागा सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात. मग सगळं दालन एकदा चालत फिरा आणि तीन चित्रं निवडा, तीनच. चाळीस चित्रं ‘नीट बघितली’ असं कोणी सांगितलं तर मी मान डोलावतो, पण विश्वास ठेवत नाही.

३. उभं कुठे राहायचं

चित्राच्या कर्णाच्या साधारण दुप्पट अंतरावर. जलरंगाचा अर्धा ताव, म्हणजे १५ बाय २२ इंच, असेल तर कर्ण २६–२७ इंच आणि अंतर साडेचार फुटांच्या आसपास. पूर्ण तावाला, २२ बाय ३० इंचाला, सहा फूट. टेप लागत नाही. एवढ्या अंतरावरून मान न हलवता चित्राचे चारही कोपरे नजरेत येतात.

मग काच. जलरंग काचेमागे असतात, आणि दालनातला दिवा काचेत चमकला की आभाळात दुसरा सूर्य उगवतो. अर्धं पाऊल बाजूला व्हा, गुडघ्यात किंचित वाका, चमक सरकते. तैलचित्रावर काच नसली तरी व्हार्निश चमकतं, तिथेही हेच.

*तपासा:* काचेत तुमचा स्वतःचा शर्ट दिसतोय का? पांढरा शर्ट घालून जाणाऱ्यांना दिसतोच. मी जलरंग बघायला जाताना गडद शर्ट घालतो, घरचे हसतात.

४. पहिली दोन मिनिटं: नजर कुठून शिरते

काही ओळखायचं नाही, काही बोलायचं नाही. डोळे मिटा, उघडा. नजर पहिल्यांदा कुठे पडली? तिथून कुठे गेली? आणि कुठून बाहेर पडली?

बहुतेक डोंगराच्या चित्रांत आत शिरायची एक वाट ठेवलेली असते: शेताचा बांध, बैलगाडीची चाकोरी, ओढा, द्राक्षाच्या ओळी. ती पुढून निघते आणि मागे जाताना अरुंद होते. आपल्याकडे द्राक्षबागेच्या ओळी चित्रकाराला फुकटात मिळतात, आणि त्यामुळेच घात होतो: सगळ्या ओळी एकाच बिंदूकडे धावतात आणि नजरही तिथे जाऊन आदळते, परत येत नाही. चांगल्या चित्रात ती डोंगरापर्यंत जाते, उतारावरून आडवी सरकते, एखाद्या झाडावरून खाली उतरते आणि पुन्हा वाटेला लागते.

वहीत चौकट काढून नजरेचा मार्ग एका रेघेने काढा. रेघ चौकटीबाहेर जात असेल तर कुठून, ते खुणेने दाखवा.

५. डोळे किलकिले करा

चित्र शिकवणारा कोणताही मास्तर पहिल्या आठवड्यात हे सांगतो, आणि बघणारे कधीच करत नाहीत. पापण्या इतक्या मिटा की तपशील पुसले जातील आणि नुसते गडद-मध्यम-उजळ पट्टे उरतील. आगपेटीएवढी चौकट काढून त्यात फक्त तीन छटा भरा: कोरा कागद, हलकी पेन्सिल, दाबून पेन्सिल. दीड मिनिटाचं काम आहे.

आता त्या आगपेटीकडे बघा. डोंगर अजून डोंगर वाटतो का? वाटत असेल तर चित्राचा सांगाडा भक्कम आहे. रंग नंतर आले. नुसती खिचडी दिसत असेल तर तुम्हाला आवडलं ते बहुधा रंगांमुळे. तेही आवडायला हरकत नाही, पण काय आवडलं ते कळलं.

*नेहमीची चूक:* हे करायला मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढणं. एक तर परवानगी विचारायला हवी, आणि दुसरं म्हणजे छटा मोबाइलने वेगळ्या केल्या, तुम्ही नाही. पडद्यावर आकारही मरतो. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं ‘द हे वेन’ (म्हणजे गवताची गाडी) हे १८२१ सालचं चित्र जवळजवळ १८५ सेंटिमीटर रुंद आहे. ते तळहातावर बघून “बैलगाडीचं एवढं काय कौतुक” म्हणणारे भेटतात. त्यात बैल नाहीत, घोडे आहेत. हेही तळहातावर दिसत नाही.

६. उजेड कुठून येतो

इथे थांबा, घाई करू नका. सावलीची बाजू शोधा: झाडाची, घराच्या भिंतीची, डोंगराच्या सोंडेची. तिन्ही सावल्या एकाच सूर्याच्या आहेत का? घराची सावली डावीकडे आणि झाडाची उजवीकडे असले घोटाळे पुष्कळ सापडतात, विशेषतः दोन-तीन फोटो जोडून घरात बसून केलेल्या चित्रांत.

मग वेळ ओळखा. माझ्या घरी गंगापूर धरणाच्या फुगवट्यापलीकडे दिसणाऱ्या अंजनेरीचं अर्ध्या तावाचं जलरंग आहे. बघणारा तिथे नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा असतो. सकाळचं ऊन त्याच्या मागून डावीकडून येतं, म्हणून डोंगराच्या डाव्या सोंडा उजळतात आणि उजव्या सावलीत राहतात. हिवाळ्यात दुपारी चारनंतर सूर्य जवळजवळ डोंगराच्याच बाजूला उतरतो. मग सोंडा-बिंडा काही दिसत नाही, एक सपाट निळसर पट्टा आणि वरची किनार. माझ्या चित्रात डाव्या सोंडांवर फिकट गेरूचा हात आहे आणि पायथ्याला धुक्याची पट्टी. म्हणजे सकाळ, बहुधा दिवाळीनंतरची, कारण गवत पिवळं पडायला लागलंय. पाटीवर फक्त ‘अंजनेरी’ एवढंच लिहिलेलं होतं. बाकी सगळं उजेडाने सांगितलं.

ऋतूची पडताळणीही इथेच होते. आवणीचं, म्हणजे भातलावणीचं, पाणी साचलेली भातखाचरं इगतपुरी-त्र्यंबककडची असतील तर जुलैच्या आगेमागे. ऑक्टोबर छाटणी झालेली बाग उघडीबोडकी दिसते, वेलींचे खुंट आणि तारा. पळस फुललाय आणि खाली हिरवंगार गवत आहे? मग चित्रकार कल्पनेतून रंगवतोय. गुन्हा नाही, पण ते आपल्या लक्षात यायला हवं.

*तपासा:* सावल्यांचा रंग काय आहे? उन्हातल्या सावलीत आभाळाचा निळा उतरतो. नुसता काळा मिसळून केलेली सावली चित्रात भोकासारखी दिसते.

७. खोली: रांगांमागच्या रांगा

आदल्या दिवशीची वही काढा. चित्रात रांगा किती? प्रत्येक मागची रांग पुढच्यापेक्षा फिकी आहे का, आणि तिच्या आतला फरकही कमी होत गेलाय का? दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मागचा डोंगर निळा रंगवणं शाळकरी पोरालाही जमतं. पण त्या निळ्यावर झाडं, कपारी, सगळं कोरून काढलं की तो डोंगर उडी मारून पुढे येतो.

चित्रकार ‘कडा’ म्हणतात तेव्हा घोळ होतो. आपल्यासाठी कडा म्हणजे जिथून खाली बघितलं की पोटात गोळा येतो तो. त्यांच्यासाठी कडा म्हणजे रंगाचा डाग जिथे संपतो ती किनार. ती कुठे धारदार आहे आणि कुठे विरघळलेली, हे बोट हवेत फिरवत बघा. (हवेतच. काचेला बोट लावू नका.) माझ्या अंजनेरीत माथ्याची डावी किनार सुरीने कापल्यासारखी आहे, उजवीकडे ती आभाळात मिसळून गेलीय. म्हणून नजर डावीकडे टेकते.

८. डोंगराचं हाड

ही पायरी खास आपल्याकडच्या चित्रांसाठी. सह्याद्री आणि सातमाळेची रांग लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेत, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी. कठीण थराचा उभा कातळ होतो, मऊ थर झिजून उतार होतो. म्हणून आपला डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो: उतार, कातळाची आडवी पट्टी, पुन्हा उतार, वर सपाट माथा. पावसाळ्यात उतार हिरवे आणि कातळ काळे, त्यामुळे पट्टे लांबूनही मोजता येतात.

चित्रातला डोंगर या हाडावर उभा आहे का ते बघा. पट्ट्या आडव्या आहेत का, आणि एका सोंडेवरची पट्टी शेजारच्या सोंडेवर साधारण त्याच उंचीला पुन्हा दिसते का? सातमाळेतले धोडप, रवळ्या-जवळ्या हे किल्ले बघितलेल्याला हे पटकन समजेल. परदेशी चित्रं बघून शिकलेला हात सातमाळेलाही बर्फाच्या डोंगरासारखा त्रिकोणी करतो, कातळाच्या रेघा वरून खाली ओढतो. रंग कितीही गोड असोत, तो डोंगर इथला वाटत नाही.

आता तो अंगठा. प्रत्यक्षात दीड अंगठा भरणारी अंजनेरी चित्रात चौकटीचा तिसरा हिस्सा व्यापून बसलेली असते. हे खोटं आहे का? नाही. डोळा डोंगरावर खिळला की मनात तो मोठाच होतो, आणि चित्रकार मनातलं माप रंगवतो. उंची किती ताणली यापेक्षा कशासाठी ताणली ते विचारा. माझ्या चित्रात पाण्याची पट्टी मुद्दाम अरुंद ठेवलीय, तिच्यामुळे वरचा डोंगर अंगावर येतो.

*नेहमीची चूक:* ‘अगदी फोटोसारखं’ ही दाद. चित्रकार हसून मान हलवतो, पण त्याला ती लागते. मी पाहिलंय.

९. झाडं, घरं, माणसं

इथे फार रेंगाळू नका. एकच गोष्ट बघा: माप. बांधावरची बाई, कौलारू घर, बाभळीचं झाड, यातलं काहीतरी डोंगर केवढा आहे ते सांगत असतं. ते बोटाने झाका, म्हणजे एक डोळा मिटून बोट मध्ये धरा. डोंगर लहान झाला? मग ती बाई कामाची. काहीच फरक पडला नाही? मग ती ‘चित्रात माणूस हवा’ म्हणून आलीय.

१०. आता जवळ जा

एक हाताच्या अंतरावर. आत्तापर्यंत डोंगर दिसत होता, आता कागद आणि रंग दिसतील.

जलरंगात पारदर्शक काम असेल तर पांढरा म्हणजे कोरा कागद. पाण्यावरची चमक, घराची उन्हातली भिंत, ढगाचा काठ या जागा चित्रकाराने रंगवलेल्या नाहीत, सोडलेल्या आहेत. आधी ठरवून. तैलरंगात उजळ रंग शेवटी वरून लावता येतो, इथे ती सोय नाही. कोऱ्या जागा मोजा; प्रत्येक जागा हा एक निर्णय आहे.

मग कागदाचा पोत. खरखरीत कागदावर कोरडा ब्रश झटकन फिरवला की रंग उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत पांढरं राहतं. वाळलेलं गवत आणि पाण्यावरचं ऊन असं येतं. अल्ट्रामरीन निळ्याचे कण खळग्यांत बसून दाणेदार दिसतात, लांबच्या डोंगरावर ते शोधा. ओल्या कागदावर सोडलेला रंग आपोआप पसरतो, त्याची किनार मऊ असते. श्रावणात बाहेर बसून केलेल्या चित्रात अशा किनारी जास्त, कारण हवा दमट, कागद वाळतच नाही. वैशाखात ब्रश ठेवेपर्यंत वाळतो, तेव्हा किनारी धारदार येतात. हवामानाची नोंद अशी कागदावरच राहते. नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांनी जलरंगात रंगवलेला गोदाघाट कधी मूळ चित्रात बघायला मिळाला, तर तोही या अंतरावरून बघा.

हिरवा रंग तपासा. सगळी झाडं एकाच हिरव्याची, ट्यूबमधून थेट काढल्यासारखी असतील तर चित्रकाराने झाडं बघितली नाहीत, बाटली बघितली. आंबा काळपट हिरवा, बाभूळ धुरकट, कोवळं भात पिवळट.

एक कबुली. माझ्या अंजनेरीत उजवीकडे आभाळात फुलकोबीच्या गड्ड्यासारखा एक डाग आहे. चित्र घेताना मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, “इथे पाणी सांडलं वाटतं.” चित्रकार म्हणाले, “सांडलंच. अर्धवट वाळलेल्या रंगात थेंब पडला की असं होतं. पुसायला गेलो असतो तर आभाळ गेलं असतं. मग ढग म्हणून राहू दिलं.” तेव्हापासून डाग दिसला की मी चूक की युक्ती असं विचारत नाही, त्याच्या शेजारी पुढे काय केलंय ते बघतो. त्या डागाखाली त्यांनी डोंगराची किनार मऊ करून घेतलीय, ढगाला शोभेल अशी.

११. आता पाटी

वाचा. नाव, माध्यम, आकार. तुमचा अंदाज चुकला असेल, तुम्ही रामशेज किल्ला म्हणत होतात आणि ते चामर लेणीच्या डोंगराचं निघालं, तर बिघडलं काही नाही. कशावरून फसलात ते आठवा. बहुतेकदा माथ्याच्या रेषेवरून फसतो.

मग परत कर्णाच्या दुप्पट अंतरावर जा आणि एक मिनिट बघा. कोऱ्या जागा आता चमकायला लागतील, मघाशी त्या दिसतच नव्हत्या.

१२. अभिप्रायाची वही

‘खूप छान’ लिहू नका. एक चित्र, एक जागा, एक वाक्य. “तिसऱ्या चित्रात डावा कोपरा कोरा सोडलात, तिथे मला पाऊस दिसला.” “सातव्या चित्रातली झाडाची सावली घराच्या सावलीशी जुळत नाही, की मला समजलं नाही?” दुसरं वाक्य लिहायला बिचकू नका, संध्याकाळी दालन बंद करताना चित्रकार वही चाळतात तेव्हा असल्याच ओळींवर थांबतात, आणि कधीकधी वही हातात घेऊन त्या चित्रापाशी परत जातात.